पवनारची माती आणि पोत्यातले युरेनियम

१/
मार्च १९३८. प्रकृती पार खालावलेले विनोबा भावे वर्ध्याजवळच्या पवनार गावी, धाम नदीकाठच्या जमनालाल बजाज यांच्या लाल बंगल्यात राहावयास आले. प्रकृतीसाठी त्यांनी जो उपाय निवडला तो विलक्षण होता: रोज थोडी जमीन खणणे. आरंभी काही मिनिटे, मग क्रमाक्रमाने अधिक. प्रकृती सुधारत गेली, आणि या परिसरातील खणतीत जमिनीतून जुन्या मूर्ती वर येऊ लागल्या.

२/
त्यांपैकी भरत-राम भेटीचे शिल्प पुढे आश्रमाचे आराध्यच झाले. रामायणप्रसंगांची येथील शिल्पे वाकाटककालीन. म. म. वा. वि. मिराशी यांनी पवनार हेच दुसऱ्या प्रवरसेनाचे प्रवरपूर, असे प्रतिपादन केले; मनसरच्या उत्खननानंतर त्या मताला प्रतिस्पर्धी मत उभे राहिले. १९६७ मध्ये नागपूर विद्यापीठातर्फे शां. भा. देव आणि म. के. ढवळीकर यांनी पवनारला रीतसर उत्खनन केले. मूर्ती आणि खापरे सांभाळणारी माती म्हणून पवनारची माती इतिहासप्रेमींना परिचित आहे. तिच्यातच याहून पुष्कळ जुनी अशी एक नोंद आहे, आणि ती वाचावयास कुदळ पुरत नाही. ती नोंद म्हणजे मातीचा नैसर्गिक किरणोत्सार.

३/
वर्ध्याचा परिसर दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांवर वसलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हा वाहिला, थिजला, त्याचा बेसाल्ट म्हणजे काळा पाषाण झाला. तो झिजून-कुजून जी माती बनली तिला या भागातील शेतकरी काळी, मोरंड, खरडी, बरडी अशा प्रतवारीने ओळखतो. मूळ लाव्ह्यात युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम ही मूलद्रव्ये अल्प प्रमाणात होती. तीच मातीत उतरली. युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षे. म्हणजे लाव्हा थिजल्यापासून आजवर त्यातील जेमतेम १ टक्का युरेनियमचा ऱ्हास झाला आहे. वाकाटक, यादव, भोसले, इंग्रज या साऱ्यांचा काळ त्या घड्याळात धरायचा म्हटले तरी धरता येत नाही.

४/
मातीचा किरणोत्सार बेकरेल या एककात मोजतात. एका सेकंदाला एक अणुकेंद्र फुटले की तो एक बेकरेल. संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सारविषयक शास्त्रीय समितीने २००० साली जगातील मातीची जी सरासरी दिली ती अशी: दर किलो मातीत युरेनियम-२३८ चे ३३, थोरियम-२३२ चे ४५ आणि पोटॅशियम-४० चे ४२० बेकरेल. बेसाल्टमध्ये ही तिन्ही मूलद्रव्ये ग्रॅनाइटच्या मानाने कित्येक पटींनी कमी असतात. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम किलोमागे साधारण ३-४ मिलिग्रॅम, बेसाल्टमध्ये बहुधा १ मिलिग्रॅमच्या आत. म्हणून दख्खनच्या काळ्या मातीचा प्रदेश हा भारतातील कमी किरणोत्साराचा प्रदेश ठरतो. याच देशाच्या दुसऱ्या टोकाला, केरळच्या चवरा-करुनागपल्लीच्या किनाऱ्यावर, मोनाझाइटच्या वाळूतील थोरियममुळे हेच प्रमाण अनेक पटींनी वाढते.

५/
हे ज्ञान फार जुने नाही. बेकरेल यांचा शोध १८९६ चा, क्युरी दांपत्याचे रेडियम १८९८ चे. अवघ्या आठ वर्षांत, १९०६ साली, इंग्लंडमध्ये आर. जे. स्ट्रट यांनी साध्या दगडांतील रेडियम मोजले आणि ग्रॅनाइटसारखे खडक बेसाल्टसारख्या खडकांहून अधिक किरणोत्सारी असल्याचे दाखविले. त्याच सुमारास, १९०६-०७ मध्ये, नॉर्मन कॅम्बेल आणि अलेक्झांडर वुड यांना आढळले की पोटॅशियमसुद्धा किरणोत्सारी आहे. ही बाब युरेनियमहून अधिक चकित करणारी होती. युरेनियम हे दुर्मीळ द्रव्य. पोटॅशियम तर राखेत, शेणात, केळ्यात, माणसाच्या रक्तमांसात. प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे १४० ग्रॅम पोटॅशियम असते, आणि त्यापायी त्याच्या देहात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक अणुकेंद्रे फुटत असतात. लाल बंगल्याच्या आवारात खणणारा आणि खणली जाणारी जमीन, दोन्ही किरणोत्सारीच होती.

६/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने पोटॅशियम-४० चे विशेष आभार मानावेत. त्याचा काही अंश ऱ्हास पावून आर्गॉन वायू होतो आणि तो खडकात अडकून राहतो. त्या आर्गॉनच्या मापावरून खडकाचे वय निघते. दख्खनच्या लाव्ह्याचा काळ ठरविण्यात याच पद्धतीचा मोठा वाटा आहे. खापरांचे वय तापदीप्तीने काढतात, तेव्हा तर भोवतीच्या मातीचा किरणोत्सार मोजल्याखेरीज हिशेबच पुरा होत नाही: खापरातील स्फटिककणांनी शतकानुशतके जो किरणोत्सार साठविला, तो बहुतांशी त्याच खापरातून आणि भोवतीच्या मातीतून आलेला असतो.

७/
आता पोत्याकडे. १८४२ साली इंग्लंडमध्ये जॉन लॉज यांनी एका खतनिर्मितीचे पेटंट घेतले. हाडे किंवा फॉस्फेटयुक्त खनिज गंधकाम्लात मुरविले की त्यातील स्फुरद पाण्यात विरघळण्याजोगा होतो, हे सुपरफॉस्फेट. प्रारंभी हाडांवर भर होता, पुढे खनिज खडकावर. हा फॉस्फेट खडक बहुधा प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला असतो, आणि समुद्राच्या पाण्यातील युरेनियम साचताना त्याने आपल्यात ओढून घेतलेले असते. मोरोक्को किंवा फ्लोरिडाच्या खडकात किलोमागे युरेनियम-२३८ चे हजार-दीड हजार बेकरेल भरणे सामान्य आहे. काळ्या मातीच्या तुलनेत हा आकडा शंभर पटींच्या घरात जातो.

८/
हिंदुस्थानच्या बाबतीत या व्यवहाराला एक कडवट पूर्वपीठिका आहे. ब्रिटिश सरकारने पाठविलेले कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्हेल्कर यांनी १८९३ च्या अहवालात नोंदविले की या देशातील हाडे आणि तेलबिया जहाजांत भरून बाहेर जात आहेत, म्हणजे जमिनीचे सत्त्वच बाहेर जात आहे. स्फुरद हाडांच्या रूपाने गेला. परत आला तो खडकाच्या रूपाने, आणि येताना युरेनियम घेऊन आला. देशातील सुपरफॉस्फेटचा पहिला कारखाना दक्षिणेत राणीपेट येथे १९०६ साली निघाला, म्हणजे स्ट्रट ज्या वर्षी दगडांतील रेडियम मोजत होते त्याच वर्षी. हा निव्वळ योगायोग. दोन्ही बाजूंना एकमेकींची गंधवार्ता नव्हती.

९/
योगायोगाचा दुसरा नमुना महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या ट्रॉम्बे परिसरात १९५६ साली ‘अप्सरा’ ही देशातील पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. त्याच परिसरात १९६५ मध्ये सरकारी खतकारखाना सुरू झाला आणि ‘सुफला’ हे नाव खेडोपाडी पोहोचले. एका संस्थेत युरेनियमवर कडेकोट पहारा. शेजारच्या कारखान्यात आयात खडकातून अल्पस्वल्प युरेनियम पोत्यांत भरून गावोगाव रवाना. यात कुणाचे कारस्थान नव्हते. जगात जेथे जेथे फॉस्फेट खत बनते तेथे हेच घडते.

१०/
सगळी पोती मात्र सारखी नसतात, आणि हा भेद समजल्याशिवाय या विषयावर बोलणे व्यर्थ आहे. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये खडक आणि आम्ल यांचे सारे मिश्रण खतातच राहते; म्हणून खडकातील युरेनियम आणि त्यापासून उपजलेले रेडियम, दोन्ही शेतात येतात. डीएपी बनविताना आधी फॉस्फरिक आम्ल वेगळे काढतात. तेव्हा रेडियमचा बहुतेक भाग, सुमारे ८० टक्के, फॉस्फोजिप्सम या टाकाऊ चुन्यासारख्या पदार्थाबरोबर मागे राहतो आणि युरेनियमचा मोठा भाग आम्लाबरोबर खतात जातो. म्हणजे डीएपीमुळे शेतातले रेडियम फारसे वाढत नाही. ते कारखान्याबाहेरच्या पांढऱ्या ढिगाऱ्यात साठते, आणि त्याची चिंता शेतकऱ्यापेक्षा त्या ढिगाऱ्याशेजारी राहणाऱ्याने करावयाची असते. युरिया हवेतील नत्र आणि नैसर्गिक वायू यांपासून होतो. त्यात किरणोत्सार जवळजवळ नाहीच.

११/
वर्ध्याच्या परिसरात या पोत्याला विरोध झाला, तो कशासाठी? १९३४ साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ उभा करणारे जे. सी. कुमारप्पा रासायनिक खतांचे कडवे टीकाकार होते. गांधीजींनी ‘हरिजन’मधून कंपोस्टचा पुरस्कार केला, मीराबेन यांच्या प्रेरणेने डिसेंबर १९४७ मध्ये दिल्लीत कंपोस्ट परिषदही भरली. त्यामागे इंदूरचे काम होते. तेथील संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, मूत्रमिश्रित माती आणि राख यांचे थर रचून खत करण्याची पद्धत बसविली, आणि १९३१ चा त्यावरील ग्रंथ यशवंत वाड यांच्यासह लिहिला. (हॉवर्ड यांचे नाव जगभर घेतले जाते, वाडांचे महाराष्ट्रातही क्वचितच.)

१२/
१९५० साली विनोबांनी पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग आरंभिला: पैशाचा आधार सोडून स्वतःच्या श्रमावर जगणे. त्यालाच जोडून ऋषिशेती, म्हणजे बैलांचीही मदत न घेता हाती कुदळ धरून केलेली शेती. पाणी काढण्याचा रहाटसुद्धा माणसांनीच फिरवायचा. ज्या शेतात विकत घेतलेल्या वस्तूला थारा नाही, तेथे पोत्यातल्या खताला दार बंदच. पण या साऱ्या युक्तिवादात किरणोत्साराचा मागमूस नाही. आक्षेप होता तो परावलंबनाला, गावाबाहेर जाणाऱ्या पैशाला, जमिनीचा कस थकविणाऱ्या घाईला. आज समाजमाध्यमांवर ‘रासायनिक खतात युरेनियम असते हे आपल्या पूर्वसुरींना ठाऊक होते’ अशी वाक्ये फिरतात, ती इतिहास म्हणून टिकत नाहीत. त्यांना ते ठाऊक नव्हते, आणि त्यांच्या आक्षेपाला त्याची गरजही नव्हती.

१३/
खत दिलेल्या आणि न दिलेल्या जमिनीत खरोखर फरक पडतो काय? याचे सर्वांत भरवशाचे उत्तर लॉज यांच्याच रोथॅमस्टेड येथील शेतांनी दिले. तेथे १८४३ पासून एकाच शेतात खताचे व बिनखताचे पट्टे शेजारी-शेजारी चालू ठेवलेले आहेत आणि जुन्या मातीचे नमुने बाटल्यांत जपलेले आहेत. पुराभिलेखागाराइतकाच मातीचा हा संग्रह मोलाचा! १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की १८८९ पासून दिल्या गेलेल्या सुपरफॉस्फेटने दर हेक्टरी वर्षाला सुमारे १५ ग्रॅम युरेनियम जमिनीत घातले होते, आणि त्यातील बहुतेक नांगरटीच्या थरातच राहिले होते.

१४/
हाच दर काळ्या मातीला लावून पाहू. एक हेक्टर, २० सेंटिमीटर खोल थर, म्हणजे साधारण २८ लाख किलो माती. किलोला १ मिलिग्रॅम युरेनियम धरले तर त्या थरात मुळातच २ किलो ८०० ग्रॅम युरेनियम आहे. वर्षाला १५ ग्रॅम या दराने ५० वर्षांत ७५० ग्रॅमची भर पडेल. किलोमागे मूळचे सुमारे १२ बेकरेल, त्यांत वरचे ३. एकूण १६ च्या आतबाहेर. विदर्भातील कोरडवाहू कपाशीला अर्धशतकभर अव्याहत एवढे स्फुरद मिळाले असेल, असे मानणे म्हणजे औदार्यच. तरीही बेरीज जागतिक सरासरीच्या निम्म्यावरच थांबते.

१५/
यात एक गंमत दडलेली आहे. बेसाल्टच्या मातीत मूळचे युरेनियम कमी, म्हणूनच बाहेरून आलेले युरेनियम तेथे अधिक ठळक दिसावे. ग्रॅनाइटच्या जमिनीत तेवढीच भर नैसर्गिक चढउतारात बुडून जाईल. धोक्याच्या दृष्टीने नगण्य असलेली गोष्ट पुराव्याच्या दृष्टीने मोलाची असू शकते: मोरोक्कोच्या प्राचीन समुद्रतळाचा अंश वर्ध्याच्या वावरात पोहोचला, याची ती पावती.

१६/
पोटॅशचा हिशेब याहून वेगळा, आणि घाबरवणाऱ्यांच्या आवडीचा. म्युरेट ऑफ पोटॅशच्या ५० किलोच्या एका पोत्यात सुमारे २५ किलो पोटॅशियम. ग्रॅममागे ३१ बेकरेल या हिशेबाने पोत्याचा किरणोत्सार पावणेआठ लाख बेकरेल. आकडा भयंकर वाटतो खरा. पण मातीत पोटॅशियम १ टक्का धरले तर त्याच हेक्टरच्या वरच्या थरात आधीपासून ८६ कोटींहून अधिक बेकरेल आहेत. पोत्याने त्यात हजारातील एक भागसुद्धा वाढत नाही, आणि दिलेल्या पोटॅशपैकी काही पीक उचलून नेते. शिवाय इंदूरच्या ढिगातील राख, शेणखत, सोनखत यांतही हेच पोटॅशियम असते. ‘सेंद्रिय म्हणून किरणोत्सारमुक्त’ अशी माती पृथ्वीवर कोठेही नाही.

१७/
मोजमापाची रीत सोपी, पण सबुरीची. माती वाळवून, चाळून, डब्यात हवाबंद करून सुमारे चार आठवडे ठेवतात. रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू निसटू नये आणि त्याची पुढची पिढी समतोलाला यावी म्हणून. मग गॅमा वर्णपटमापकावर १४६० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला पोटॅशियमची उभी रेघ दिसते, इतर ठिकाणी युरेनियम-थोरियमच्या वंशजांच्या. खरी अडचण यंत्राची नसून जोडी जुळविण्याची आहे. खताचे शेत नदीकाठच्या गाळाचे आणि बिनखताचे बरडीचे निवडले, तर जो फरक निघेल तो खताचा नसेल, धाम नदीने वाहून आणलेल्या गाळाचा असेल. असे कच्चे अभ्यास कमी नाहीत.

१८/
काळ्या मातीचा आणखी एक स्वभाव या नोंदी बिघडवतो. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्यांत घसरते, पावसाळ्यात जमीन फुगून सारे मिटते. माती स्वतःच स्वतःला उलथते. अणुचाचण्यांतून आकाशमार्गे आलेले सीझियम-१३७ (हे मात्र सर्वस्वी मानवनिर्मित; त्याचा भर १९६३ च्या चाचणीबंदी कराराच्या आसपासचा) शांत जमिनीत वरच्या थरात पट्टीसारखे टिकते. भेगाळ जमिनीत ते खाली विखुरते, आणि खताचे युरेनियमही तसेच. उत्खनन करणाऱ्याला ही पीडा नवी नाही. भेगेतून खाली गेलेले नाणे चुकीच्या थराचे वय सांगते.

१९/
रोथॅमस्टेडचे निष्कर्ष विदर्भाला जसेच्या तसे लागू करू नयेत, याचे याहून गंभीर कारण रसायनाचे आहे. काळी माती चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असते. अशा मातीत कार्बोनेट युरेनियमशी संयोग पावते आणि ते पाण्याबरोबर हलू लागते. तेथे जे नांगरटीत अडकून राहिले, ते येथे विहिरीच्या दिशेने सरकण्याची शक्यता अधिक. त्यात नायट्रेटची भर पडते. २०१५ मध्ये नेब्रास्का विद्यापीठातील नोलन आणि वेबर यांनी अमेरिकेतील दोन मोठ्या भूजलसाठ्यांत दाखविले की जेथे नायट्रेट जास्त तेथे युरेनियमही जास्त आढळते. नायट्रेट खडकातील मूळच्या युरेनियमला पाण्यात उतरवते. म्हणजे ज्या युरियाच्या पोत्यात किरणोत्सार नाही, तोच अतिरेकी वापराने जमिनीखालचे युरेनियम हलवू शकतो.

२०/
आणि तेव्हाही मुख्य चिंता किरणांची नसते. पाण्यातील युरेनियम मूत्रपिंडाला अपाय करते ते जड धातू म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी घातलेली लिटरमागे ३० मायक्रोग्रॅमची मर्यादा त्याच रासायनिक विषारीपणावर बेतलेली आहे. फॉस्फेट खडकाबरोबर येणारे कॅडमियम तर पिकात युरेनियमपेक्षा सहज शिरते. युरोपीय संघाने २०२२ पासून फॉस्फेट खतांतील कॅडमियमवर कायद्याने मर्यादा घातली, ती यासाठीच. वर्ध्यासारख्या काळ्या मातीच्या जिल्ह्यात गायगर यंत्र घेऊन वावरात फिरण्यापेक्षा त्याच वावरातील विहिरीचे पाणी बाटलीत भरून नायट्रेट आणि युरेनियम या दोहोंसाठी प्रयोगशाळेत पाठविणे अधिक उपयोगाचे: एकदा उन्हाळ्याच्या अखेरीस, पाणी तळाला गेलेले असताना, आणि एकदा पाऊस मुरल्यानंतर.